तीन पोती बांजाची

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नैनीताल जिल्ह्यातल्या एका वनपंचायतीची रोपवाटिका, उंची साधारण १८५० मीटर. शेडमध्ये ओकच्या फळांची तीन पोती येऊन पडली आहेत आणि तिन्हींवर चिठ्ठी एकच: 'बांज'. पिशव्यांत माती भरून झाली आहे, पेरणी दोन दिवसांवर आली आहे. पण पोती पालथी केली तर फळं एकजात दिसत नाहीत. पहिल्या पोत्यातली बरीचशी सारखी आहेत. दुसऱ्यातली जवळपास तशीच, पण त्यांच्यासोबत आलेल्या पानांचा रंग वेगळा. तिसऱ्यात सरळसरळ खिचडी: काही वाट्यांवर बारीक खवले, काहींवर गोल कडी, आणि मूठभर फळं हातात घेतली की पोकळ लागतील इतकी हलकी. गोळा करणाऱ्यांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, "सब बांज ही ठैरा."

त्यांचं अगदीच चूक नाही. तिकडे बांज हे एका झाडाचं नाव आहे आणि बोलण्याच्या ओघात सगळ्याच ओकांचंही. आपल्याकडे नाही का, शहरात वाढलेल्या माणसाला नांदरूक काय आणि पिंपरी काय, सगळं 'वडासारखं झाड' दिसतं. बोलण्यात हे चालतं, रोपवाटिकेत चालत नाही. प्रत्येक ओकची उंचीची पट्टी वेगळी, फळ पिकण्याचा महिना वेगळा. चुकीच्या चिठ्ठीचं रोप चुकीच्या उतारावर जातं आणि चूक लक्षात येईपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात.

आणखी एक अडचण होती. ओकचं बी थांबत नाही. धान्य वाळवून कणगीत ठेवावं तसं ते ठेवता येत नाही. वाळलं की मेलं. त्यामुळे ओळख पटवायच्या आधीच पोती रिकामी करून फळं सावलीत, चार बोटं जाडीच्या थरात पसरली आणि वर ओलसर गोणपाट टाकलं. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवणं ही इथली नेहमीची चूक. फळं श्वास घेत असतात, आत उष्णता आणि वाफ कोंडते, आठवड्याभरात बुरशी धरते.

ओकच्या फळाला, म्हणजे इंग्रजीतल्या एकॉर्नला, मराठीत घरचा शब्द नाही. टोपीसकट सुपारी डोळ्यांसमोर आणा, आकार लक्षात येईल. त्या टोपीला पुढे वाटी म्हटलं आहे, कारण उलटी धरली की ती वाटीच असते.

डोक्यातला ओक आधी काढून टाकायचा

ओक म्हटलं की इंग्रजी पुस्तकातलं, कडेला गोलसर लाटा असलेलं पान आठवतं. ते युरोपातल्या ओकचं. कुमाऊं-गढवालच्या नेहमीच्या पाच ओकांपैकी एकाचंही पान तसं नाही. सगळी चिवट, सदाहरित, कडा दातेरी किंवा काटेरी किंवा अगदी सपाट. मोबाइलवरची झाडं ओळखणारी ॲपं इथंच गडबडतात. पानाची फक्त वरची बाजू दाखवली तर कधी ओक, कधी हॉली (काटेरी पानांचं दुसरंच झाड), कधी भलतंच काही सांगतात.

महाराष्ट्रातून जाणाऱ्याच्या मनात दुसरा गोंधळ सिल्व्हर ओकचा असतो. तो ओक नाहीच. ऑस्ट्रेलियातून आलेलं, नेच्यासारख्या चिरलेल्या पानांचं ते वेगळ्याच कुळातलं झाड आहे. सह्याद्रीत मूळचा ओक एकही नाही. आपल्या घरात खरा ओक पोचतो तो बाळगुटीच्या पेटीतून: मायफळ हे फळ नव्हे, तर पश्चिम आशियातल्या एका ओकवर गांधीलमाशीच्या जातीतल्या बारीक किड्यामुळे आलेली गाठ.

तेव्हा ओक आहे की नाही, इथूनच सुरुवात. फांदीचं टोक बघायचं. ओकला टोकाशी एकच कळी नसते, चार-पाच कळ्यांचा झुबका असतो. सगळ्या ओकांना ही खूण लागू पडते आणि फळं नसतानाही ती हाताशी असते.

पानाची पाठ

वरून पाहिली तर पाचही ओकांची पानं हिरवी आणि चिवट. भेद आहे तो पाठीला. म्हणून पान उलटं करणं ही पहिली कृती, आणि ती नुसत्या डोळ्यांनी नाही तर दहा पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने करायची.

बांजाच्या पानाची पाठ पांढरी. दाट, आखूड केसांचा थर, पीठ भुरभुरावं तसा. नखाने खरवडला तर खालून हिरवा निघतो. कडेला टोकदार दात, पान साधारण ६ ते १५ सेंटीमीटर. वाऱ्यावर बांजाचं झाड लांबून चमकल्यासारखं दिसतं ते या पाठीमुळे. याचं शास्त्रीय नाव क्वेर्कस ल्यूकोट्रायकोफोरा. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ 'पांढरे केस वागवणारा'. नाव जिभेला जड असलं तरी ओळखीची खूण त्यातच लिहिलेली आहे.

रियांजाची पाठ पिवळट-तपकिरी आणि लोकरी. क्वेर्कस लानाटा, म्हणजे लॅटिनमध्ये 'लोकरीचा'. पान बांजापेक्षा सहसा मोठं, पाठीवरच्या शिरा उठून दिसतात.

तिलोंजाची पाठ गुळगुळीत आणि हिरवी, वरच्या बाजूइतकीच. केसांचा थर नाहीच. पान लहान, ५ ते ८ सेंटीमीटरच्या आसपास, चकचकीत, कडेला काटे असतील किंवा नसतीलही. यालाच गढवालात मोरू म्हणतात, आणि ही दोन नावं दोन झाडं समजून एकाच यादीत दोनदा लिहिल्याचे प्रकार घडतात.

खरसूच्या पानाची पाठ गंजाच्या रंगाची, पानाचा देठाकडचा भाग गोलसर. कोवळ्या झाडाची पानं काटेरी आणि मोठ्या झाडाच्या शेंड्याची पानं बिनकाट्यांची, इतका फरक की एकाच झाडाची वाटणार नाहीत. याचं नाव क्वेर्कस सेमेकार्पिफोलिया, म्हणजे सेमेकार्पससारख्या पानांचा. आणि सेमेकार्पस म्हणजे आपला बिब्बा! कोकणात-देशावर बिब्ब्याचं पान पाहिलेल्या माणसाला हे नाव फुकटात लक्षात राहतं.

पाचवा फल्यांट. पानाचं टोक लांब ओढलेलं, दात फक्त वरच्या अर्ध्यात, खालचा अर्धा सपाट, आणि पाठ राख फासल्यासारखी निळसर-करडी. हा ओलसर नाळीत, ओढ्याकाठी सापडतो.

पानं कुठून घ्यायची हे पानाइतकंच महत्त्वाचं. चाऱ्यासाठी छाटलेल्या फांदीवर जे नवे धुमारे फुटतात, त्यांची पानं मोठी आणि जास्त काटेरी असतात, रोपट्याच्या पानांसारखी. अशा एका पानावरून निर्णय दिला की चूक झालीच म्हणून समजा. न छाटलेल्या फांद्यांवरची, उन्हातली आणि सावलीतली मिळून दहा पानं घ्यायची, तीही पूर्ण वाढलेली. मार्च-एप्रिलमधली कोवळी पालवी टाळायची: बांजाची नवी पालवी गुलाबी-जांभळट असते आणि तिच्यावरून रंग ठरवता येत नाही. खाली पडलेला पाचोळाही बेभरवशाचा. हे ओक जुनी पानं मुख्यतः वसंतात, नवी फुटताना टाकतात. म्हणजे डिसेंबरातला पाचोळा एक अख्खा पावसाळा खाऊन बसलेला असतो, त्याच्या पाठीचा पांढरा थर मळून करडा, कधी तपकिरीही होतो. तो रियांज वाटतो.

दुसऱ्या पोत्याचा घोळ नेमका इथंच होता.

पोतं पहिलं आणि तिसरं

पहिलं पोतं सोपं निघालं. १८०० मीटरच्या आसपास, गावालगतच्या जंगलातून आणलेलं. वर, मधून आणि तळातून मिळून शंभर फळं काढली. ज्यांना वाटी चिकटलेली होती ती सगळी एका जातीची: अर्धगोल वाटी, तिच्यावर कौलांसारखे चिकटून बसलेले बारीक खवले, फळ अंडाकृती, टोकाला छोटी चोच. सोबतच्या फांद्यांची पानं पांढऱ्या पाठीची. बांज नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास फळ टाकतो, महिनाही जुळला. उंची, महिना, वाटी, पान, चारही साक्षी एकाच बाजूच्या. चिठ्ठी कायम.

तिसरं पोतं नाळीतून आणलेलं. त्यातल्या ज्या वाट्यांवर कडी होती त्यांच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. वाटीवर सुटे खवले नसून एकावर एक पाच-सहा गोल वळ्या असतील, कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या बोळक्यासारख्या, तर तो फल्यांट. या पाचांत अशी वाटी दुसऱ्या कुणाची नाही. पान नसेल, साल नसेल, जमिनीवर पडलेली एक रिकामी वाटी जरी सापडली तरी पुरे. ही फळं वेगळी काढून नवीन चिठ्ठी लावली.

त्याच पोत्यातली हलकी फळं जास्त रंजक. ती गोळा करणाऱ्यांनी नाळीच्या वरच्या टोकाला, २१०० मीटरच्या पुढे वेचली होती आणि त्यांच्यात अडकलेली पानं दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, म्हणजे तिलोंजाची. पण तिलोंज फळं टाकतो ऑगस्ट-सप्टेंबरात. चांगली असती तर पावसातच रुजली असती. डिसेंबरात जमिनीवर जी उरली ती उरण्याचं कारण एकच, ती मेलेली होती. दहा-वीस उभी चिरून पाहिली: आत पांढरट घट्ट गर हवा, तिथं तपकिरी भुकटी. बऱ्याच फळांना दोन-तीन मिलिमीटरचं गोल भोक, सोंड्याची अळी आत खाऊन बाहेर पडल्याची निशाणी. ही फळं फेकली. तिलोंज हवा असेल तर पुढच्या ऑगस्टात परत जायचं, दुसरा मार्ग नाही.

म्हणूनच महिना हा पुरावा धरावा. खरसूच्या बाबतीत तर तो आणखी कडक आहे. खरसूचं फळ ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टात पिकतं आणि अनेकदा झाडावर असतानाच मोड आणतं. ते गोल, गोटीसारखं असतं आणि वाटी इतकी उथळ की बशीच म्हणावी. डिसेंबरात कुणी 'खरसू' लिहिलेलं पोतं आणून दिलं तर ते न उघडताही चिठ्ठी खोटी आहे असं सांगता येतं.

पोतं दुसरं

हे पोतं २१५० मीटरवरच्या कोरड्या, दक्षिणेकडे तोंड असलेल्या धारेवरून आणलेलं. पाचोळ्यातली काही पानं पांढऱ्या पाठीची, काही तपकिरी. मळलेला बांज की रियांज?

फळांवरून उत्तर मिळेल ही आशा इथं सोडून द्यावी लागते. बांज आणि रियांज दोघांचीही वाटी खवल्यांची आणि अर्धगोल, दोघांचंही फळ अंडाकृती, मापं एकमेकांत शिरलेली. पुस्तकातली चित्रं शेजारी ठेवून पाहिली की फरक दिसतो. पोत्यातल्या शंभर फळांत तो दिसत नाही. फक्त फळ पाहून या दोघांतला फरक छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

त्यामुळे परत धारेवर जाऊन झाडं पाहणं भाग होतं. ज्या झाडांखाली वेचलं ती झाडं गोळा करणाऱ्यांकडूनच दाखवून घेतली आणि प्रत्येकाच्या तीन बाजूंच्या, न छाटलेल्या फांद्यांवरून ताजी पानं काढली. ताज्या पानांवर भिंग धरल्यावर वाद राहिला नाही. काही झाडांची पाठ लख्ख पांढरी, काहींची मोहरीच्या पिवळ्याकडे झुकणारी लोकर, आणि दोन्ही झाडं एकमेकांत फांद्या घालून उभी. खाली पडलेलं फळ कुणाचं हे त्या झाडांनाही सांगता आलं नसतं.

म्हणून पोतं फेकलं नाही आणि 'बांज' चिठ्ठीही ठेवली नाही. 'मिश्र, बांज-रियांज, दक्षिण उतार, २१५० मी.' असं लिहून पेरणी वेगळ्या वाफ्यातल्या पिशव्यांत. रोपं पहिल्या पावसाळ्यानंतर पुरेशी पानं धरतील तेव्हा पाठ पाहून वेगळी करायची. अगदी पहिल्या पानांवर घाई करायची नाही, त्यांच्यावरचा थर विरळ असतो. आणि वेगळी नाही झाली तरी त्याच उंचीच्या, तशाच कोरड्या उतारावर लावली तर नुकसान नाही, कारण दोघंही तिथलेच. नुकसान झालं असतं ते ही रोपं 'बांज' म्हणून १४०० मीटरवरच्या गावाला दिली असती तर.

पुढच्या वर्षासाठी त्या धारेवरची एकटी उभी असलेली, आसपास दुसरा ओक नसलेली काही बांजाची झाडं रंगाने खूण करून ठेवली. बियाण्याची शुद्धता तिथंच ठरते, शेडमध्ये नाही.

काटेरी रोपट्याचा फोटो

याच फेरीत एक उपप्रकरण निघालं. २२०० मीटरवरच्या सावलीत गुडघाभर उंचीचं एक काटेरी पानांचं रोपटं, आणि त्यावर तीन मतं: खरसू, तिलोंज, हॉली. नैनीतालच्या डोंगरात हा वाद होणारच. नैनी तलावाची पातळी १९३८ मीटर, नैना पीक २६०० मीटरच्या थोडं वर. एवढ्याच चढात बांज, रियांज, तिलोंज आणि शेंड्याकडे खरसू असे चार ओक एकामागून एक भेटतात आणि मधल्या पट्ट्यात एकमेकांत मिसळतात.

पान उलटं केलं. गंजासारखा थर नाही, म्हणजे खरसू बाद. गुळगुळीत हिरवी पाठ तिलोंजाचीही असते आणि हिमालयी हॉलीचीही. मग फांदीचं टोक: कळ्यांचा झुबका होता. तिलोंज. झुबका नसता तर हॉलीचा विचार करावा लागला असता, आणि मग आजूबाजूला लाल गोल फळं लागलेलं मोठं झाड शोधायचं. अर्थात ती फक्त मादी झाडांवर असतात, त्यामुळे न दिसल्याने काही सिद्ध होत नाही.

असाच घोटाळा बुरांसाचा, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचा होतो, कारण त्याच्याही पानाची पाठ चंदेरी किंवा तपकिरी असते आणि तो बांजाच्या खांद्याला खांदा लावून वाढतो. पण बुरांसाच्या पानाची कड अगदी सपाट, एकही दात नाही.

साल: शेवटची साक्ष

सालीवर लोकांचा फार भरवसा असतो. या डोंगरात तो ठेवू नये. जुन्या बांजाची साल गडद करडी-तपकिरी, खडबडीत, भेगाळलेली. तिलोंजाचा बुंधा सरळ, भेगा उथळ, खपल्या लहान. खरसूची साल गडद, चौकोनी तुकड्यांत फुटलेली. वर्णन बरोबर आहे, पण ते जुन्या, मोकळ्या, न दुखावलेल्या झाडाचं. तरुण झाडांच्या साली जवळपास सारख्या दिसतात. वर्षानुवर्षं चाऱ्यासाठी छाटलेल्या बांजाचा बुंधा गाठींनी इतका विद्रूप होतो की त्यातून काही वाचता येत नाही. आणि उत्तरेकडच्या बाजूला साल दिसतच नाही, शेवाळ, नेचे आणि दगडफुलाच्या जातीतली झालर तिला झाकून टाकते. कुमाऊंत हिला झूला म्हणतात. ओकांवरून ती गोळा होते आणि मसाल्याच्या बाजारात जाते. गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे हे सख्खे भाऊबंद.

सालीचा उपयोग दुजोऱ्यापुरता. बुंधा बघायचाच तर छातीच्या उंचीवर, दक्षिणेकडून, आणि तोही पान पाहून झाल्यावर.

मग पेरणी

पहिल्या पोत्यातली फळं आणि फल्यांटची वेगळी काढलेली फळं बादलीभर पाण्यात टाकली. बुडाली ती घेतली, तरंगली ती चिरून पाहिली. तरंगणारी बहुतेक किडलेली किंवा वाळलेली असतात. मात्र फळं आधीच काही दिवस उघड्यावर सुकली असतील तर चांगलीही तरंगतात. अशी रात्रभर भिजवून पुन्हा तपासायची. झाडावरून सर्वात आधी पडलेल्या फळांत कीड जास्त, त्यामुळे पुढच्या वेळी पहिली पडझड झाडून टाकून नंतरची वेचायची असं ठरलं.

फळ पिशवीत आडवं, दोन-तीन सेंटीमीटर खोल. उभं खोचलं तर मूळ वळसा घेतं. ओक आधी मूळ खाली सोडतो, अंकुर मागाहून वर काढतो, म्हणून पिशवी उथळ चालत नाही; निदान २३ सेंटीमीटर खोल हवी, नाहीतर सोटमूळ तळाशी गुंडाळतं आणि ते रोप डोंगरावर पहिल्याच उन्हाळ्यात माना टाकतं. वर जाळी घातली, कारण उंदीर आणि लंगूर दोघांनाही ही फळं माणसाआधी सापडतात.

चिठ्ठीवर आता पाच गोष्टी: जात, उंची, उताराची दिशा, वेचल्याचा महिना, आणि खात्री कशावरून. पहिल्या वाफ्यावर 'बांज. पान, वाटी, महिना जुळले'. दुसऱ्यावर 'मिश्र, झाडं पाहिली, फळावरून ठरत नाही'. तिसऱ्यावर 'फल्यांट, वाटीवर कडी'. चिठ्ठ्या पेन्सिलने लिहिल्या. बॉलपेनची शाई उघड्यावर फिकी पडते.